सरळ भेंडी परदेशी, वाकडी घरची

आमच्या माहेरी भेंडीच्या दोनच जाती मानतात, सरळ आणि वाकडी. सरळ विमानाने आखातात जाते आणि वाकडी आमच्या पोटात. हा नियम माझ्या वहिनीचा. बदलापूरच्या पुढे, उल्हास नदीच्या काठाला आमची भातशेती आहे. भात निघालं की नदीलगतच्या एका सपाट तुकड्यात वहिनी भेंडी लावते. चार वर्षांपूर्वी दादाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, तो तुकडा तिच्या हवाली केला, तेव्हा तो म्हणाला होता, "बघ, जमतंय का." हे आपण फार मोठ्या मनाने म्हटलं, अशी त्याची अजून समजूत आहे.

दादा अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कंपनीत आहे. त्याची कायमची पहिली पाळी. तो मोटरसायकल काढतो तेव्हा वहिनी शेतावर पोचलेली असते, हातात त्याचेच जुने मोजे घालून. भेंडीची लव लागली की अंगाला खाज सुटते, म्हणून मोजे. आणि कोवळेपणा बोटाला कळायला हवा, म्हणून मोज्यांची टोकं कापलेली. भेंडी परदेशी पाठवणाऱ्या एजंटने मापासाठी प्लॅस्टिकची पट्टी दिली होती. ती तिने लेकीच्या दप्तरात टाकली आणि स्वतःचं मधलं बोट हेच माप ठरवून टाकलं. त्या बोटाएवढी, सरळ, गडद हिरवी, डाग नसलेली भेंडी क्रेटमध्ये. लांबलेली, बाक आलेली, टोकाला वळलेली टोपलीत. सात वाजता टेम्पो येऊन क्रेट घेऊन जायचा. दुपारी दादा घरी येईपर्यंत मागे उरायची ती टोपली. चार वर्षं त्याने टोपलीच पाहिली.

टोपलीवर मीही जगत होते. मी अंबरनाथ पूर्वेला फ्लॅटमध्ये राहते. दर रविवारी माहेरी जायचं आणि पिशवी भरून भेंडी आणायची, हा माझा चार वर्षांचा हक्क. घरात आम्ही दोघंच, एवढी भेंडी संपणार कशी, म्हणून मी बिल्डिंगमध्ये वाटायचे. वाटताना नुसतं "घ्या" म्हणून गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. "आमच्या वहिनीची एक्सपोर्टची भेंडी आहे हो. दुबईला जाते," असं सांगायचे. तशी ती खोटी बात नव्हती. दुबईला जायची ती तिची भावंडं, एवढंच मी सांगायचे नाही.

एकदा तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी एक भेंडी डोळ्यांसमोर धरून विचारलं, "दुबईवाल्यांना अशी वाकडी आवडते होय?"

"नैसर्गिक असते ना," मी म्हणाले. हे मात्र साफ खोटं होतं.

यंदा माघ सरता सरता आखातात युद्ध पेटलं. आमच्या घरात त्याचा पहिला परिणाम असा झाला की दादा युद्धशास्त्रात पारंगत झाला. कंपनीतून आला की बूट न काढता टीव्हीसमोर बसायचा. कोणतं क्षेपणास्त्र कुठून सुटतं, कुठवर पोचतं, कोण कोणाच्या बाजूने आहे, सगळं त्याला पाठ. रविवारी मी गेले तर मलाही बोटाने हवेत नकाशा काढून दाखवला. वहिनी दारात उभी राहून ऐकत होती. त्याचं संपल्यावर तिने एकच विचारलं, "विमान कधी सुटनार, ते सांगतात का त्याच्यात?"

ते टीव्हीवर कोणी सांगत नव्हतं. एजंटचा फोन आला होता: "ताई, दोन दिवस थांबा. विमानं बंद आहेत." मग त्याने आणखी चार दिवस मागितले. मग तो फोन उचलेनासा झाला.

आता, माणूस थांबतो, भेंडी थांबत नाही. आज बोटाएवढी असलेली भेंडी दोन दिवसांत निबर होते. ती झाडावर ठेवली तर झाडालाही वाटतं आपलं काम झालं, आणि ते नवं फळ धरायचं बंद करतं. म्हणजे घ्यायला कोणी असो नसो, तोडणी रोज करायचीच. बदलापूरच्या बाजारात गेली तर तिथे आसपासच्या सगळ्या गावांची दुबईवाली भेंडी आधीच येऊन बसलेली. शिवाय खताच्या दुकानात गोणी मिळेना. दुकानदार म्हणाला, खत येतं त्या वाटेवरच लढाई आहे. वहिनी मला म्हणाली, "ताई, ह्यांचं भांडन कशावरनं चाललंय ते मला ठावं नाय. पन माझ्या भेंडीशी त्यांचं काय वाकडं?"

खरी काळजी वेगळीच होती. नदीलगतच्या त्या सपाट तुकड्यावर बदलापुरातल्या एका टर्फवाल्याचा डोळा होता. हिरवी प्लॅस्टिकची सतरंजी अंथरायची, चहूबाजूंनी जाळी लावायची आणि पोरांना तासावर क्रिकेट खेळायला द्यायचं, असा त्याचा धंदा. दादाला तो पसंत होता. त्यात कोणाला पहाटे उठायला नको आणि कोणाला खाज सुटायला नको. "पाडव्यापर्यंत बघू," दादा म्हणाला. "तोवर भेंडी मार्गी लागली तर लागली. नाहीतर तुकडा टर्फला. तसंही तुझं पीक बेताचंच असतं."

बेताचंच! मी तिथेच बसले होते. वहिनी ताक ढवळत राहिली. मी तिला पुरती ओळखते. तिला राग आला की ती बोलते, आणि लागलं की गप्प बसते. मलाही बोलता आलं असतं, पण खरं सांगायचं तर माझंही मत फार वेगळं नव्हतं. आम्हा दोघा भावंडांना तिच्या शेतीची ओळख त्या टोपलीतूनच झालेली.

तिच्या त्या वागण्याला मी काय म्हणावं! क्रेट भरभरून सरळ भेंडी पडून होती आणि घरात भाजी शिजत होती वाकडीची. "अगं, आता तरी ती चांगली कर की," मी म्हटलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देवाचा नैवेद्य आधी चाखायला मागितला. सरळ भेंडी विकायची, घरात शिजवायची नाही. जी विकली जायची नाही ती दादा परतायच्या आत वहिनी गोठ्यात रिकामी करायची, त्याने न विकलेलं काही बघू नये म्हणून. असं करत त्या फाल्गुनात आमच्या म्हशी एक्सपोर्टची भेंडी खात होत्या आणि आम्ही वाकडी.

मी छाती पुढे काढून म्हटलं, "मला दे दोन क्रेट. आमच्या बिल्डिंगमध्ये तासाभरात उडतील."

रिक्षात क्रेट घालून मी आले आणि पार्किंगमध्ये बाकड्यावर मांडून बसले. क्रेट उघडल्यावर मीच बघत राहिले. एकेक भेंडी सारख्या उंचीची, सारख्या रंगाची, शाळेत प्रार्थनेला उभ्या केलेल्या मुलींसारखी. मी चार वर्षं जिची बढाई मारली तिला आज पहिल्यांदा भेटत होते. बायका आल्या, बघितलं आणि दोन पावलं मागे सरकल्या.

"ही कसली हो?"

"एक्सपोर्टची."

"छे! एक्सपोर्टची आम्हाला माहितीये. तुम्ही देता ती, वाकडी. ही काहीतरी इंजेक्शनची दिसतेय."

"इतकी सारखी भेंडी कधी असते का?" दुसरी म्हणाली. "मॅडम, तुम्हाला कुणीतरी फसवलं. तुमची ती नॅचरलवाली आणा, ती घेऊ आम्ही."

तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी एक भेंडी मोडून वास घेतला आणि परत ठेवली. संध्याकाळपर्यंत मी बाकड्यावर बसून होते. दोन्ही क्रेट तशाच वर घेऊन गेले. नवऱ्याने दार उघडलं, क्रेटकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि शहाण्यासारखा बाजूला झाला. माझ्या फुशारकीचा भुर्दंड वहिनीच्या तुकड्याला बसत होता आणि पाडवा बारा दिवसांवर आला होता. त्या दिवशी मला माझी इतकी लाज वाटली, की जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. साड्यांच्या फॉल-बिडिंगचं काम घेऊन मी उल्हासनगरला गेले, ज्या सिंधी बाईकडे मी वीस वर्षं जाते तिच्याकडे. तोंडदेखलं म्हणून पिशवीत शेरभर भेंडी नेली होती. तिने पिशवीत हात घातला आणि मशीनच थांबवलं.

"दीदी, ये कहाँ से मिली? अशी भेंडी तर मी इधर बघितलीच नाय!"

"घ्या हो, इंजेक्शनची नाहीये," मी आधीच सांगून टाकलं.

"अरे कैसा इंजेक्शन! हमारी कढी में पूरी भेंडी जाती है, साबूत. टेढ़ी डालो तो मेहमान को कैसी दिखेगी?" तिने तिथूनच दिराला फोन लावला. तो लग्नाकार्याच्या जेवणाची ऑर्डर घेणारा, आणि दर रविवारी घरगुती कढी-चावलचे डबे पाठवणारा. दहा मिनिटांत तो स्कूटरवरून आला. एक भेंडी उचलून वाकवली. ती टचकन मोडली. "कितनी है?" एवढंच त्याने विचारलं.

उल्हासनगरला रोज तीन क्रेट जाऊ लागल्या. वहिनीची तोडणी त्याहून जास्त होती, म्हणजे बिल्डिंग हवीच होती, आणि त्याला एकच उपाय होता. बिल्डिंगच्या बायकांच्या ग्रुपवर मी मजकूर लिहिला. सात वेळा लिहिला आणि सहा वेळा खोडला. शेवटी पाठवला तो असा: "मी आजवर तुम्हाला दिलेली भेंडी एक्सपोर्टमधून बाजूला काढलेली होती. खरी एक्सपोर्टची त्या दिवशी पार्किंगमध्ये आणली होती ती. चूक माझी, वहिनीची नाही. तिची भेंडी बघायची असेल तर उद्या पुन्हा आणते."

पहिलं उत्तर तिसऱ्या मजल्यावरून आलं: "म्हणजे चार वर्षं आम्ही टाकाऊ खाल्ली?"

मी लिहिलं, "मी पण."

त्यावर हसणारे चेहरे यायला लागले आणि थांबेचनात. दुसऱ्या दिवशी भेंडी गेली. भावातही कोणी घासाघीस केली नाही. मला मात्र जिन्यात "काय एक्सपोर्ट, कशा आहात?" असं विचारतात, ते अजून विचारतात.

पाडव्याला मी माहेरी गेले. विमानं अजून धड सुरू झाली नव्हती, एजंट अजून "बघतो, सांगतो" करत होता. पण गोठ्यात भेंडी जायची थांबली होती. टर्फवाला दुपारी माप घ्यायला येणार होता. दादाने त्याला तसा शब्दच दिला होता. गुढी उभारून झाली. वहिनीने मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि सुपातली भेंडी दाखवली. सगळी सरळ.

"आज हीच करते," ती म्हणाली. "तुकडा जायचाच असंल तर एकदा घरात तरी शिजू दे."

उल्हासनगरच्या बाईने सांगितलं होतं तशी तिने ती अख्खीच, चीर देऊन, तेलावर परतली. पुरणपोळीच्या ताटात डाव्या बाजूला चार-चार भेंड्या वाढल्या. दादाने एक उचलून खाल्ली. मग दुसरी खाल्ली. मग पोळी बाजूला ठेवून उरलेल्या दोन्ही संपवल्या.

"ही कुठून विकत आणलीस?" त्याने विचारलं. "मस्त आहे."

मी ताटाकडे बघत राहिले. वहिनी पळी हातात धरून उभी होती.

"तुमच्या त्या टर्फवरनं," ती म्हणाली.

दादाला समजायला थोडा वेळ लागला. युद्धाचे सगळे नकाशे पाठ असलेला माणूस, पण स्वतःच्या बायकोच्या बांधावर काय पिकतं ते त्याला त्या दिवशी कळलं. त्याने आणखी वाढ म्हणून ताट पुढे केलं. वहिनीने वाढलं. "रोज अशीच निघते?" त्याने हळूच विचारलं. ती फक्त "हो" म्हणाली. मग तो हात धुवून अंगणात गेला आणि फोनवर कोणाला तरी सांगताना आम्ही ऐकलं, "नको, येऊ नका. नाही, जागा द्यायची नाही." वहिनीने पदर तोंडाशी धरला. मीही रडले, आणि मला त्याचा काही संकोच वाटला नाही.

मी त्या दिवशी तिथेच राहिले. दुसऱ्या दिवशी दादाने रजा टाकली आणि उजाडायच्या आत वहिनीच्या मागोमाग शेतावर गेला, हातात नवे मोजे घालून. ती टोकं कापायला त्याचं मन धजेना. तासाभरात त्याने एक क्रेट भरून मोठ्या डौलाने तिच्यासमोर ठेवली. वहिनीने मधलं बोट लावून लावून बघितलं, आणि निम्म्याहून जास्त भेंडी टोपलीत टाकली.

"ही घरची," ती म्हणाली.