घाटघरच्या रेकॉर्डिंगमधला मोटारीचा आवाज

भुताखेतांच्या गोष्टी मी कधी मानल्या नाहीत. तालुक्याच्या बातम्या द्यायचो तेव्हा असला प्रकार कानावर आला की आधी दोन माणसांकडून खात्री करायचो, आणि बहुतेक बातम्या तिथेच संपायच्या. पुढचं वाचून कोणी हसलं तर मी समजू शकतो…

आंबेगाव तालुक्यात, निरगुडसरला, आमची शेती आहे. नोकरी सोडल्यापासून शेती बघतो आणि गिटार वाजवतो. शब्द नसलेल्या सुरावटी स्वतःच रेकॉर्ड करून ऑनलाइन टाकतो. नवी सुरावट बांधतो ती विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत. मोटार चालू असली की तिचा एकसारखा घूं येतो. गिटारची पाचवी तार उतरवून मी त्या आवाजाला मिळवतो. सूर तपासायच्या ट्यूनरवर ती कुठल्याच सुरात नीट बसत नाही, जराशी चढीच दिसते. रेकॉर्डिंग मात्र घरी, लाइट गेल्यावर, लॅपटॉपच्या बॅटरीवर, म्हणजे कुठलीच घरघर त्यात शिरत नाही.

कांदा लागणीच्या दिवसांत, ऐन थंडीत, त्या खोलीत एक सुरावट सापडली. आजवरची माझी सगळ्यात चांगली. पहिला अल्बम तिच्यावरच उभा करायचा होता. ती कोणाला ऐकवली नव्हती, फोनमध्येही घेतली नव्हती.

जुन्नर तालुक्यातल्या घाटघरचा सोमनाथ असंच संगीत करतो. ओळख ऑनलाइनच, तो निरगुडसरला कधी आलेला नाही. मी त्याच्या आधीपासून वाजवतो, त्याच्यापेक्षा सफाईने वाजवतो. ऐकतात मात्र लोक त्याला. त्याचं नवीन काही आलं की मी चुका शोधायलाच ऐकायचो.

या वेळी चूक सापडली नाही. ती माझी सुरावट होती. तीच जराशी चढी तार. आणि तळाशी, सुरुवातीपासून, मोटारीच्या स्टार्टरचा टक आणि मग तिचा घूं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी काढून घाटघर गाठलं. त्याचं घर भातखाचरांच्या कडेला आहे. आसपास विहीर नाही, मोटार नाही. ते आधी पाहून घेतलं.

सोमनाथच्या आईने चहा आणला. "पावणं, तुमीबी ह्याच्यावानीच वाजवता का? शब्द असत्यात का तुमच्यात?"

"नाही."

"मंग दोघंबी सारखंच."

हे मला आवडलं नाही. मी सोमनाथला सरळ विचारलं, "हे कधी बसवलंस?"

"भाताच्या लावणीच्या आधी."

म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला, माझ्या कितीतरी आधी. आई आतून म्हणाली, "लावणीच्या आधीच. आमी चिखलात उतरलो तरी ह्याचं तेच. बेडकं गप झाली, पण ह्यो न्हाई."

दुसऱ्या माणसाकडूनही खात्री झाली होती.

"आणि तळाचा आवाज?"

"तेच तर कळंना राव. हितं मोटार न्हाई. काढून बघितला तर सगळं लई पातळ वाटाय लागलं, म्हणून ऱ्हावू दिला. तारपण आपोआप तितंच लागायची. ट्यूनर न्हाई म्हणायचा, कान हां म्हणायचा."

मी सगळं सांगितलं. तो हसला नाही. गिटार माझ्या हातात दिली. "वाजवा की भाऊ."

मी वाजवलं. त्याच्या ट्रॅकमध्ये सुरावट जिथे हळूहळू विरते तिथे थांबलो नाही, कारण माझ्याकडे ती तिथे संपत नाही. वळून खाली येते आणि मग बसते. वाजवून झालं तेव्हा सोमनाथ जमिनीकडे बघत होता.

"ह्यो शेवट मला लई दिवस शोधूनबी गावला न्हाई," तो म्हणाला. "म्हणून तितं आवाज बारीक करत नेला." मग म्हणाला, "दोघांचं नाव टाकू. शेवट तुमचा. पुन्यांदा रेकॉर्ड करू."

त्याने सरळ मनाने देऊ केलं होतं, बोलण्यात उपकाराचा आव नव्हता. मी नाही म्हणालो. मला अर्धं नको होतं.

माझ्या विहिरीवरचा आवाज, मी सुरावट बांधण्याआधी, घाटघरच्या घरात कसा गेला, हे मला आजही सांगता येत नाही. साऊंडचं काम करणाऱ्या दोघांना विचारलं. त्यांनाही सांगता आलं नाही. अल्बम त्या सुरावटीशिवाय काढला. फारसा कोणी ऐकला नाही.

सोमनाथचा ट्रॅक अजून चालतो. त्या विरत जाण्यातच खरी मजा आहे, असं लोक खाली लिहितात. मी ते वाचतो, मग गिटार घेतो आणि मोटारीच्या खोलीत एकटाच ती सुरावट शेवटपर्यंत वाजवतो.