ब्रेक दाबला की झटका

तिसऱ्या खेपेला तीच गाडी, तेच गिऱ्हाईक आणि जॉब कार्डवर तीच तक्रार: ब्रेक दाबला की गाडी झटका देते, पण थांबत नाही.

अमरावतीच्या राजापेठेतल्या एका शोरूमच्या सर्व्हिस सेंटरमध्ये मी सुपरवायझर आहे. गाडी म्हणजे ती धडधडणारी साडेतीनशे सीसीची मोटरसायकल, लांबच्या प्रवासाला लोक हौसेने घेतात ती. मालक गवई काका, चांदूर रेल्वे गावचे रिटायर्ड लाईनमन. याच गाडीच्या जुन्या मॉडेलवर त्यांचं अर्धं आयुष्य गेलं, त्यावर ते कन्याकुमारीही करून आले होते. मुलगी रंजना अकोल्याला नर्स. तिने जुनी एक्स्चेंजमध्ये देऊन ही नवी घेऊन दिली, आणि काका एकदा कुंपणावर, एकदा उभ्या ऑटोवर आदळले. यावेळी दोष सापडला नाही तर गाडी विकायची आणि बाबांचं चालवणं बंद, असं तिने मला स्पष्ट सांगितलं होतं.

आम्ही डिस्क, पॅड, ऑइल, क्लच सगळं पाहिलं. टेस्ट राईडला गाडी जागच्या जागी थांबायची. 'दोष आढळला नाही' लिहून मी दोनदा मोकळा झालो होतो. पण तो झटका काही डोक्यातून जाईना. ब्रेक खराब असेल तर गाडी थांबणार नाही, इथवर ठीक. झटका मात्र इंजिन देतं, वेगात असताना गिअर एकदम खाली पडला की. मी काकांना म्हटलं, तुम्ही चालवा, मी मागे बसतो.

बडनेऱ्याच्या दिशेने निघालो. काका उत्तम चालवत होते. सिग्नलला उजव्या पायाने ब्रेक, डाव्याने गिअर. मला माझीच शंका यायला लागली. तेवढ्यात गल्लीतून एक बकरी आडवी आली. काकांचा डावा पाय जोरात खाली गेला. गाडीने हिसका दिला, बकरी तिच्या नशिबाने वाचली, आणि उशिरा ओढलेल्या हाताच्या ब्रेकने आम्ही नालीच्या काठावर थांबलो.

"पाह्यलं न साहेब? म्या ब्रेक दाबला न."

"काका, तुम्ही गिअर दाबला."

इथे या गाडीचा थोडा इतिहास सांगावा लागेल. जुन्या मॉडेलला गिअर उजव्या पायाला होता आणि ब्रेक डाव्या. पुढे इतर गाड्यांसारखी अदलाबदल झाली. बिडाच्या इंजिनाच्या जागी ॲल्युमिनियमचं आलं, किक मारायच्या ऐवजी बटण आलं. टाकी, गोल हेडलाइट, बसायची ढब मात्र तशीच राखली, कारण लोकांना तीच गाडी हवी होती. हे सगळं मी गिऱ्हाइकांना रंगवून सांगायचो. काकांचा घात नेमका त्या सारखेपणाने केला होता. विचार करून चालवत तोवर सगळं बरोबर, दचकले की पायाला वाटायचं आपण जुन्याच गाडीवर आहोत.

परतताना काका म्हणाले, "पोरीले नका सांगू. वायसर बदलला असं लिहा. नाई तं पोरगी चाबी काढून घेईन माह्याकडून."

मला फार वाईट वाटलं. पण पुढच्या वेळी समोर बकरीच असेल याची खात्री नव्हती. मी नाही म्हणालो.

अकोल्याहून आलेली रंजना काउंटरपाशी वाट पाहत होती. काय निघालं, तिने विचारलं. मी शब्द जुळवत होतो, तर काकाच बोलले.

"गाडी चांगली हाय. माहा पाय अजून जुन्याच गाडीवर बसून हाय."

मी बकरीचं सगळं सांगितलं. तिने हात पुढे केला, काकांनी चाबी त्यात ठेवली. ती चाबीकडे पाहत राहिली, मग तिने ती माझ्यासमोर सरकवली. "बाबाचा पाय शिकेपर्यंत तुमच्यापाशी ठेवा."

काका रोज सकाळच्या एसटीने अमरावतीला येऊ लागले. आमच्या यार्डात ते आपल्या गाडीवर चक्कर मारायचे आणि आमचा हेड मेकॅनिक न सांगता रिकामा खोका आडवा फेकायचा. सुरुवातीला खोक्यांचा पार चुराडा झाला. मग कमी झाला. सलग कित्येक दिवस एकही खोका चेपला नाही, तेव्हा मी चाबी दिली. काका तिथूनच गाडी घेऊन लेकीकडे अकोल्याला गेले आणि पोचल्यावर फोन केला.

नव्या गाडीच्या डिलिव्हरीच्या फॉर्मवर आमच्याकडे रंगापासून विम्यापर्यंत सगळ्याचे रकाने आहेत. आता मी खाली हाताने एक प्रश्न लिहितो: याआधी कोणती गाडी चालवत होता? तीनदा गाडी तपासण्यापेक्षा हे एकदा विचारणं सोपं होतं.