हरणाबाईची मारुती

यासीनच्या गॅरेजात एकच नियम हुता. कुनाच्या बी गाडीला काय बी म्हना, पर हरणाबाईच्या मारुतीला भंगार म्हनायचं न्हाई. गेल्या साली एक पावना म्हनला, "हे डबडं अजून चालतंय व्हय रं?" यासीननं त्याच्या गाडीचं चाक खोललं हुतं, ते तसंच भुईवर ठिवलं आन् म्हनला, "मालक, तुमचं काम दुसरीकडं बगा." तीन चाकांवर मानूस जातोय कुठं? पावन्यानं माफी मागितली, ती बी मारुतीकडं तोंड करून. तवा कुठं यासीननं पाना हातात घेतला.

आता ह्याला कारन बी तसंच हुतं. यासीननं नववीत शाळा सोडली. बाकावर बसलं की त्याच्या बुडाला मुंग्या यायच्या. तीन वर्सं सांगलीत एका गॅरेजात काढली आन् एकोनिसाव्या वर्सी परत येऊन जतच्या भायेर, रस्त्याच्या कडंला, पिठाच्या गिरनीला खेटून पत्र्याचं शेड मारलं. दोन म्हयनं कोन फिरकलं न्हाई. "शमशेरचं पोरगं ते, त्येला काय येतंय?" म्हनून लोक गाड्या फुडं दामटायचे.

पयली गाडी आली ती हरणाबाईची. सून सोनिया गाडी चालवत हुती, शेजारी म्हातारी, मांडीवर कोंबडी. क्लच गेला हुता. यासीननं खरं ते सांगितलं, "आज्जी, क्लचचं काम मी एकट्यानं कवा केल्यालं न्हाई."

म्हातारी म्हनली, "मी पयल्यांदा अडल्याली मेंढी सोडवली, तवा मला तरी कुठं येत हुतं तम्मा? घाल हात."

तम्मा म्हंजे कानडीत धाकटा भाव. त्या दिवसापास्नं यासीन म्हातारीचा झाला. सख्ख्या नातवाला बी जमलं नसतं इतका.

हरणाबाईचं सारं आयुष्य मेंढरांमागं चालन्यात गेलं. दिवाळी झाली की जतच्या माळावरचा चारा सपतो. मंग धनगरांचा वाडा, म्हंजे मानसं-मेंढरांचा सारा तळ, उठतो आन् मेंढरं घिऊन कृष्णाकाठाकडनं पार शिराळ्यापतुर जातो. दुसऱ्याच्या रानात मेंढरं बसवायची. रानाला खत हुतं, आपल्याला धान्य मिळतं, आन् दोन दिवसांनी फुडचं रान. तिची दोन लेकरं त्या वाटंवरच जन्मली. मंग गुडघं गेलं. ल्योक तानाजी म्हनला, "आये, आता घरी बस." ती एक साल घरी बसली आन् पार वाळून गेली. कुनाशी बोलंना का नीट जेवंना. शेवटी तानाजीनं ही जुनी मारुती आनली. तवापास्नं फुडं मेंढरं चालायची आन् मागनं मारुती. तिच्यात भांडी, कोंबड्या, ताजी कोकरं आन् पुढच्या शिटवर पदर खोचून म्हातारी, जशी काय कलेक्टर.

अवंदा वाडा सोमवारी उठनार हुता. आन् गुरवारी मारुती हिवताप आल्यागत थरथरत गॅरेजात आली.

ॲक्सिलेटर दाबला की चांगली पळायची. पाय काढला की इंजन धडधडायचं, गचके खायचं आन् गपकन मरायचं. तानाजी लय तापला हुता.

"काल नाक्यावर ट्रकच्या म्होरं बंद पडली रं! सोनियाच्या हातात स्टेरिंग, आये आत. ट्रकवाल्यानं ब्रेक मारला म्हनून वाचल्या दोघी. आता ऐक. रविवारपतुर नीट झाली तर आये येईल. न्हाईतर ती घरी ऱ्हाईल आन् ही गाडी मी इकनार."

"नीट हुईल की दादा."

"हुईल म्हनू नगंस. कर."

म्हातारी गाडीतच बसली हुती. काच खाली करून म्हनली, "तम्मा, जरा ऐक की..."

"आज्जी, तुमी चा घ्या निवांत. मी हाय न्हवं?" यासीननं तिच्याकडं बगितलं बी न्हाई. त्याचं डोकं कवाच पळत सुटलं हुतं. मागच्याच आठवड्यात एका जीपचा पेट्रोलचा पंप त्यानं बदलला हुता, ती बी अशीच बंद पडायची. म्हंजे हितं बी पंपच. ठरलं.

तसा त्यो कामाला आळशी न्हवता. आधी पंपाचा फ्यूज काढला आन् गाडी चालू ठिवली. नळीतलं पेट्रोल सपलं, ती आपोआप बंद पडली. मंग बॅटरीची वायर सोडवली. टाकीतलं पेट्रोल कॅनमधी काढलं, खाली जॅक लावला, पट्टे सोडले आन् टाकी हळूच भुईवर उतरवली. गिरनीवाला नानासो बिडी वढत बगायला आला, तवा यासीन वरडला, "नाना, बिडी इझवा! न्हाईतर आपन दोघं बी बिनतिकिटाचं वर जाऊ."

टाकीच्या डोक्यावरची कडी फिरवून पंप वढून काढला. खालची जाळी काळी झाली हुती. यासीन खूश. "बगा, मी काय म्हनत हुतो!" शुक्रवारी यष्टीनं सांगलीला गेला, नवा पंप आनला. शनिवारी दुपारपतुर टाकी धुतली, पंप बसवला, टाकी वर चढवली, नळ्या जोडल्या आन् गाडीला चावी मारली.

गाडी चालू झाली. पाय काढला. थरथर, थरथर, गचका, आन् मेली.

परत मारली. परत मेली.

यासीन शिटवर तसाच बसला. शेजारची गिरन घर्रघर्र करत हुती. दोन दिवस गेले, आन् रोग जिथल्या तिथं. पंप मरायला लागला असता तर गाडी पळवतानाच आधी मेली आसती, हे आता त्येला सुचलं. जीप चढाला मरायची. ही मरत हुती उभी ऱ्हाईली की. रोग सरळसरळ येगळा हुता आन् त्यानं नीट बगितलंच न्हवतं. ती म्हातारी घरी बसनार, वाळनार, आन् ते ह्याच्या घाईपायी.

फोनवर सांगायची हिंमत झाली न्हाई. पाय ॲक्सिलेटरवर ठिवत, गचके खात त्यानं गाडी तशीच तानाजीच्या वस्तीवर नेली. दिवस कलला हुता, वारं गार सुटलं हुतं. तानाजी दावी गुंडाळत हुता.

"झाली?"

"न्हाई दादा." यासीन खाली बगत म्हनला. "पंप उगाच काढला मी. माझं चुकलं. मला उद्याचा दिस द्या."

तानाजी पाठ फिरवून परत दावी गुंडाळाय लागला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तेवढ्यात हरणाबाई काठी टेकत आली. काखंत एक कोकरू, आठ-धा दिवसांचं, हाडांची नुसती मोळी. तिनं सवईनं बॉनेट वर केलं, त्याच्याच दांडीचा टेकू दिला, इंजनावरच्या एअर फिल्टरच्या डब्यावर घोंगडीचा तुकडा टाकला आन् त्यावर कोकरू ठिवलं.

"आज्जी, हे काय?"

"ऊब घेतंय. त्याची आय मेली. बंद गाडीचं इंजन लय येळ गरम ऱ्हातंय, चुलीगत."

कोकरू हुभं ऱ्हाईलं. पाय पसरले, मान लांब केली, इंजनाकडं जानारी एक बारकी रबरी नळी तोंडात धरली आन् लागलं की चोखायला! वर डोक्यानं ढुसन्या बी देतंय, आयच्या कासंला द्याव्यात तशा. शेपूट नुसती भिंगरी.

यासीननं आ वासला. कोकरू उचलून सोनियाच्या हातात दिलं आन् नळी चाचपली. टोकाशी रबर मऊ झाल्यालं, आन् खालच्या अंगाला उभी चीर.

"सोनियावैनी, चावी मारा! ॲक्सिलेटर दाबू नगा!"

इंजन धडधडाय लागलं. हितं गिरन न्हवती. वस्तीच्या शांततेत सूंऽऽ असा बारीक आवाज सोच्छ ऐकू आला. हवा आत वढली जात हुती, जिथनं जायला नगं तिथनं. यासीननं अंगठा चिरीवर दाबून धरला.

इंजन गप झालं. म्हंजे बंद न्हाई पडलं, शानं झालं. रवंथ करनाऱ्या मेंढीगत एका लयीत चालाय लागलं.

अंगठा काढला, थरथर. अंगठा ठिवला, गप. तीनदा करून बगितलं. चौथ्यांदा उगाच, आनंदानं.

"आज्जी, हे कोकरू हिथं कवापास्नं ठिवताय?"

"त्याची आय मेली तवापास्नं. आठ दिस झालं की."

"आन् गाडी कवापास्नं बिगाडली?"

"सात."

"आवं मंग सांगायचं न्हाई व्हय मला!"

म्हातारीनं काठी त्याच्या पोटरीवर हानली, लागंल न लागंल अशी. "सांगत हुते की गुरवारी! तू म्हनलास चा घ्या. घेतला चा."

तानाजीला हसू आवरंना. यासीनला बी हसू यायला पायजे हुतं, पर त्याचं डोळं भरून आलं. त्यानं बॉनेटखाली डोकं घालून उगाच दोन स्क्रू पिळले.

नळीचं चिरल्यालं टोक त्यानं कापलं, उरल्याली नळी वढून बसवली, वर क्लिप आवळली. धा मिनटांचं काम. रविवारी येऊन आख्खी नवी नळी टाकली, आन् डब्याभवती पत्र्याचा आडोसा केला, म्हंजे कोकराला ऊब मिळंल पर तोंड पोचनार न्हाई.

सोमवारी सकाळी वाडा उठला. मेंढरं रस्ता भरून निघाली. मारुती नाक्यावर हुभी ऱ्हाईली, मेंढरं पार होईस्तवर. यासीन शेजारी कान लावून हुभा. पाच मिनटं झाली, दहा झाली. गाडीनं एक गचका खाल्ला न्हाई.

हरणाबाईनं काच खाली केली. "तम्मा, शिराळ्यास्नं काय आनू तुला?"

"काय नगं. तुमी जावा आन् परत या. आन् वाटंत काय बी वाटलं तर फोन करा, मी ऐकीन."

"चा घिऊन?"

"चा न घेता, आज्जी."

सोनियानं गिअर टाकला. गाडी मेंढरांमागं हळूहळू लागली. म्हातारीच्या मांडीवर ते कोकरू बसलं हुतं आन् शिटचा पट्टा तोंडात धरून मन लावून चोखत हुतं.