डबीचं वजन

हे मी आजवर एकाही माणसाला सांगितलेलं नाही. नवरा होता तोवर त्यालाही नाही. आता घरात ऐकायला कुणी नाही म्हणून धीर झाला असेल — की तुम्हाला माझा चेहरा दिसत नाही म्हणून? काय असेल ते असो. ऐकून तुम्ही म्हणाल, एवढंच? खतातली गांडुळं मेली, एवढंच ना? बरीच वर्षं मीही स्वतःला हेच म्हणत आले.

इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष. शहराला तेव्हा औरंगाबाद म्हणायचो. प्रोजेक्टला आम्ही दोघंच — मी आणि भगवान. मी उस्मानपुऱ्यातली, वकिलाची मुलगी. तो पिशोरच्या शेतकऱ्याचा मुलगा. मला ‘मॅडम’ म्हणायचा, आणि त्यात निम्मी चेष्टा असायची. पहिल्या दिवशी मी खत चिमटीत धरलं, तर म्हणाला, “मॅडम, शेण हाय ते. चावत नाय.”

कल्पना त्याचीच. खताच्या ढिगात खुपसायची एक सळई, वर काटा. काट्यानं सांगायचं, ओल किती आहे. त्याच्या आईच्या बचत गटानं गावात गांडूळखताचे तीन हौद बांधले होते. पाणी कमी पडलं तर गांडुळं सुकतात, जास्त झालं तर गुदमरतात. भगवानला स्वतःला काट्याची गरज नव्हती. तो खत मुठीत दाबायचा, मूठ उघडायचा, टिचकीनं गोळा फुटतो का बघायचा आणि म्हणायचा, “वाफसा.” शब्द खरा शेतजमिनीचा — चिखल नाही, कोरडी नाही, अशी पेरणीजोगी जमीन. त्यानं तो खताला लावला होता. मला त्या हाताचा हेवा वाटायचा का? वाटायचा.

काट्यावरच्या खुणा ठरवायचं काम माझ्याकडं होतं. पत्र्याच्या डबीत खत भरायचं, वजन करायचं, भट्टीत वाळवायचं, पुन्हा वजन करायचं. जेवढं घटलं तेवढं पाणी. अशा चाळीस डब्या. पण ज्या खताला भगवान ‘वाफसा’ म्हणाला होता, ते माझ्या वहीत ‘कोरडं’ येत होतं. दर वेळी. सर म्हणाले, हात म्हणजे यंत्र नव्हे. काटा माझ्या वहीवरून लावला गेला. मूठ दाबून काढलेल्या अंदाजांच्या नोंदींचं पान भगवाननं स्वतःच फाडलं, हसत. तळहाताकडं बघून म्हणाला, “लई शहाणपणा करत व्हता हा.”

अहवाल बांधून आला. तोंडी परीक्षेला चार दिवस उरले होते. सोमवारी सकाळी डब्या परत करायच्या म्हणून मी घासत होते. एक घासलेली डबी सहज तराजूवर ठेवली — रिकामी. आणि हात न पुसताच वही उघडली.

डबीचं वजन मी कुठंच वजा केलं नव्हतं. पत्रासुद्धा खत म्हणून मोजला होता. म्हणून पाण्याचा वाटा दर वेळी कमी दिसत होता. चाळीसच्या चाळीस आकडे चुकलेले. काटा चुकलेला. हात बरोबर.

पण ती चूक झाली. चूक कुणाचीही होते. मी सांगते आहे ते तिच्यापुढचं —

भगवान सळई घेऊन गावी गेला होता. त्याच दुपारी पिशोरच्या एसटीडी बूथवरून त्याचा फोन आला. “मॅडम, काटा म्हणतो कोरडं. माझा हात म्हणतो वाफसा हाय. माय अन् समद्या बाया पाणी घेऊन हौदापाशी उभ्या हायेत. कुणाचं ऐकू?”

किती सोपं होतं! ‘थांब’ — एक शब्द. पण का थांब, हे सांगावं लागलं असतं. सरांना. वडिलांना. सगळं पहिल्यापासून करावं लागलं असतं. आणि — हे सगळ्यात खालचं — त्यालाच सांगावं लागलं असतं, ज्याला मी महिनाभर तराजूकडं बोट दाखवून गप्प केलं होतं.

मी म्हणाले, “काट्याचं ऐक.”

“व्हय,” म्हणाला, आणि फोन ठेवला.

तीन दिवस काटा ‘कोरडं’ म्हणत राहिला, तीन दिवस त्या पाणी घालत राहिल्या. गांडुळं हौदाच्या कडांवर चढून मेली. खाली सगळं सडलं. बायकांनी ते हौद पुन्हा भरले नाहीत. “इंजिनेर झाला अन् ओलं-सुकं इसरला,” असं त्या त्याला म्हणाल्या — हे त्यानंच मला सांगितलं, नक्कल करून. मी हसलेसुद्धा.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, गावात वापरून पाहिलं का? भगवान म्हणाला, “सळई बरोबर हाय सर. पाणी आमच्या हातून जास्त पडलं.” मी त्याच्या शेजारीच उभी होते. आम्हाला दोघांनाही चांगले गुण मिळाले.

आता मी शिकवते. रिकाम्या डबीचं वजन आधी लिहा, म्हणून पोरांच्या इतकी मागं लागते की ती मला ‘डबी मॅडम’ म्हणतात. त्याला प्रायश्चित्त समजू नका. ती नुसती सवय आहे.

गेल्या वर्षी भगवान गुलमंडीवर भेटला. वाळूजला एका कारखान्यात आहे, केस पिकलेत. इकडचं तिकडचं झालं. मग म्हणाला, “माय अजून घरापुरतं खत करती. म्हणती, बघ रे जरा दाबून. मी नाय दाबत. मला तवा तरी कुठं कळत व्हतं?”

आणि थांबला. माझ्याकडं बघत राहिला — वाट बघत होता का? गर्दी होती, रिक्षांचे हॉर्न होते. पण मला बोलता आलं असतं.

मी म्हणाले, “चालायचंच.”

त्यानं मान हलवली आणि तो गेला. त्याचा नंबर माझ्याकडं आहे. त्याला कळत होतं, सगळं बरोबर कळत होतं, आणि हे त्याला सांगू शकणारं माणूस मी एकटीच आहे. मी सांगितलेलं नाही.