आधी घासा, मग फवारा

वसुधा गेल्याचं मला कंपनीच्या ग्रुपवर कळलं. ‘आपल्या लॅबच्या वसुधा मॅडम काल हार्ट अटॅकने गेल्या.’ खाली जोडलेल्या हातांची रांग, आणि त्या रांगेतच कुणीतरी विचारलेलं, ‘ऑडिटला नवे ॲप्रन मिळणार का?’ मी फोन पालथा ठेवला...

लोणी काळभोरजवळच्या पनीरच्या कारखान्यात आम्ही दोघी लॅबमध्ये शेजारी बसायचो. कामाची पाळी संपली की पॅकिंगच्या स्टीलच्या टेबलांवर जंतुनाशक फवारायचं, लगेच जंतू तपासायला नमुना घ्यायचा, रिपोर्ट स्वच्छ! वसुधाचा राग होता तो या ‘लगेच’वर. टेबलांच्या सांध्यांत जंतू स्वतःभोवती चिकट थर करून राहतात. फवाऱ्याने वरचे मरतात, आतले खाणंपिणं, वाढणं सगळं मंद करून पडून राहतात. तेव्हा घेतलेल्या नमुन्यात ते वाढत नाहीत आणि आपण खूश. “अगं, मेले नाहीयेत ते,” ती मला म्हणायची, “चूल विझवून बसलेत. दुधाचा थेंब मिळू दे, पुन्हा पेटवतील.” तिचं मागणं साधं होतं. आधी सांधे उघडून ब्रशने घासा, मग फवारा, आणि नमुना सकाळी काम सुरू होण्याआधी घ्या. पण घासायचं तर लाईन थोडा वेळ बंद ठेवावी लागणार. आमचे मॅनेजर म्हणाले, “मॅडम, रिपोर्ट चांगला येतोय, तर तुम्हाला त्रास काय आहे?” तिने एकदा सकाळचा नमुना घेऊन दाखवला. त्यात जंतूच जंतू. बक्षीस म्हणून तिला लेबलांवरचं शुद्धलेखन तपासायला बसवलं. जंतूंवर आयुष्य घालवलेली बाई शेवटपर्यंत वेलांट्या दुरुस्त करत राहिली... मला त्याचा आजही संताप येतो.

शोकसभा पॅकिंग हॉलमध्ये झाली. तिचा फोटो त्याच स्टीलच्या टेबलांपैकी एकावर. मॅनेजर गहिवरून म्हणाले, “मॅडममुळे आपला एकही रिपोर्ट कधी बिघडला नाही.” मग तिचे यजमान श्रीकांतराव फुलं वाहायला उठले. धायरीहून आलेले, निवृत्त शिक्षक, कारखान्यात पहिल्यांदाच. फुलं वाहून त्यांनी टेबलाच्या कडेखालून हळूच बोट फिरवलं. घरी ओटा पुसून झाला की वसुधा असंच बोट फिरवून बघायची, आणि तिने ती खोड घरातल्या सगळ्यांना लावली होती. ते बोट अंगठ्यावर चोळत श्रीकांतराव शांतपणे म्हणाले, “छान बोललात, साहेब. पण इथे बुळबुळीत लागतंय. आपण बघता का हात लावून?”

साहेबांनी नुसते हात जोडले. सभा संपल्यावर फोटो हलवला, टेबलावर फवारा मारला आणि लगेच नमुना घेतला. रिपोर्ट स्वच्छ आला.