व्याह्यांनी दाखवलेली मुंबई

आधीच सांगून टाकते, माझी थोरली लेक मुंबईत सुखानं नांदली. आज ती स्वतः आजी आहे. म्हणजे पुढचं वाचताना कोणी उगाच घोर करत बसायला नको. त्या वेळी तो घोर मी एकटीनं पुरेसा केला होता.

स्थळ माझ्या नणंदेच्या नवऱ्यानं आणलं. तो दहिवलीचा. मुलगा वरळीच्या चाळीत राहणारा, छापखान्यात कामाला. माणसं आपल्यातलीच, दीक्षा घेतलेली, पण मूळची घाटावरची. मुलगा कर्जतला येऊन लेकीला बघून गेला. त्याला ती पसंत पडली. लेक तोंडानं काही बोलली नाही, पण त्याची कपबशी तिनं दोनदा धुतली, तेव्हा मला समजायचं ते समजलं. साखरपुडा करायच्या आधी घर तेवढं बघून यायचं राहिलं होतं.

घर बघायला बापयांनी जायचं, अशी तेव्हाची पद्धत. माझे मालक आणि नणंदेचा नवरा असे दोघं सकाळच्या गाडीनं गेले आणि दिवेलागणीला परत आले. मालक हातपाय धुऊन जेवायला बसले आणि सिंहाचं सांगायला लागले. राणीबागेत सिंह झोपला होता, दगड मारला तरी उठेना, मग रखवालदार ओरडला. नंतर बोटींचं सांगितलं. मग दुमजली बसचं. मी भात वाढला, आमटी वाढली आणि विचारलं, खोली केवढी आहे?

मालक म्हणाले, "खोलीवर जायला येळच नाय झाला."

दिवसभर गेलेली माणसं, त्यांना वेळ झाला नाही. व्याही किती चांगले, किती फिरवलं, हॉटेलात काय काय खाऊ घातलं, ते ऐकवत राहिले. मी ऐकलं नाही. माझ्या डोळ्यांपुढे माझी धाकटी बहीण उभी राहिली.

तिलाही असंच मुंबईला दिलं होतं. आमच्या बापानं तिची खोली बघितली होती, चांगली ऐसपैस होती. लग्नानंतर कळलं, ती खोली दाखवण्यापुरती दोस्ताकडून मागून घेतलेली होती. बहिणीनं दोन पावसाळे जिन्याखाली काढले. तिसऱ्या पावसाळ्यात खोकत माहेरी आली आणि दिवाळीच्या आत गेली. तिचं मी इथं जास्त लिहीत नाही.

त्या लोकांनी निदान मागून आणलेली खोली तरी दाखवली होती. यांनी तेवढंही केलं नव्हतं. मी मालकांना सांगून टाकलं, आता मी जाते. ते म्हणाले, बाईमाणूस कुठं घर बघायला जातं का? लोक काय म्हणतील?

"सिंह बघायला तुमी जा," मी म्हटलं. "खोली मी बघते."

पत्र टाकलं. व्याह्यांचं उलट टपाली कार्ड आलं, विहीणबाईंनी जरूर यावे, त्यांनाही मुंबई दाखवतो. घर दाखवतो असं कार्डात कुठंच नव्हतं. मी ते दोनदा वाचलं.

आमच्याकडे घर मोजायचं ते गोधड्यांवर. शेजारी शेजारी किती गोधड्या पडतात आणि चुलीला पाय न लागता किती माणसं निजतात, तेवढं घर. फुटाचं माप मला तेव्हा कळत नव्हतं आणि आजही पटत नाही. दहा फूट म्हटलं की ऐकायला मोठं वाटतं. म्हणून मी एक नवी गोधडी पिशवीत घातली. मुलाच्या आजीला भेट द्यायची, असं सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे ती मला तिथं अंथरून बघायची होती. दुसऱ्या पिशवीत कडवे वाल आणि पायलीभर तांदूळ घेतले. मालक बरोबर होतेच.

दादरला व्याही उभे होते. पांढरा लेंगासदरा, डोक्यावर टोपी, खांद्याला कापडी पिशवी. बोलायला नम्र माणूस. माझ्या हातातली पिशवी घ्यायला पुढे झाले. तांदळाची दिली, गोधडीची दिली नाही.

पहिल्यांदा चैत्यभूमीवर नेलं. मी पहिल्यांदाच जात होते. हात जोडले, थोडा वेळ उभी राहिले, डोळे पुसले. बाहेर आल्यावर मी म्हटलं, आता घरी जाऊ. व्याही म्हणाले, दिवस अजून लई आहे, आधी राणीबाग बघू.

राणीबागेत सिंह त्या दिवशीही झोपलेलाच होता. हत्ती होता, पाणघोडा होता. मालक मला ते सगळं असं दाखवत होते की जसं काही त्यांनीच पाळलंय. ऊन चढलं होतं. व्याह्यांनी झाडाखाली उभं राहून पिशवीतून काचेची बाटली काढली, स्वतः घोटभर पाणी प्यायले, बूच लावलं आणि बाटली पुन्हा पिशवीत ठेवली. आम्हाला विचारलंसुद्धा नाही. मग घाईघाईनं गाडीवर गेले आणि आमच्यासाठी लिंबूसरबत घेऊन आले.

सरबत प्यायले, पण ते मनाला लागलं. आपल्यातलाच माणूस, आपल्यासमोर पाणी पितो आणि आपल्याला देत नाही. माझी आई गावच्या विहिरीपाशी घागर घेऊन ताटकळत उभी असायची, कोणीतरी वरून ओतेपर्यंत. ते मी लहानपणी डोळ्यांनी बघितलंय. पाणी न देणारा माणूस मला लगेच ओळखू येतो.

तिथून गेटवेला गेलो. केवढा तो दरवाजा आणि पाठीमागे घरच नाही, नुसता समुद्र. लोक माना वर करून बघत होते. मला त्या दिवशी दरवाजा नको होता, दरवाजामागची खोली हवी होती. म्युझियम बाहेरूनच बघितलं. हॉटेलात जेवलो, तिथला भात पांचट. मी आणखी एकदा म्हटलं की आता घरी चला. व्याह्यांनी मालकांकडे बघितलं, मालकांनी माझ्याकडे बघितलं, आणि आम्ही दुमजली बसच्या वरच्या मजल्यावर जाऊन बसलो. बस चढावर चढली आणि हँगिंग गार्डनला उतरलो. समोर म्हातारीचा बूट. पोरं आत शिरत होती, वरच्या खिडकीतून हात हलवत होती.

मालक म्हणाले, "बघ गं, बुटाचं घर केलंय."

बुटाचंसुद्धा घर दाखवलं, आणि माझ्या लेकीचं घर दिसेना. तेव्हा मी बाकावर बसले, गोधडी मांडीवर घेतली आणि व्याह्यांना म्हटलं, "दादा, मुंबई झाली माझी बघून. आता खोली दाखवा, नायतर खोली नाय म्हणून सांगा. मी गाडी पकडते, आन ही सोयरीक इथंच राहू द्या."

मालकांनी मला गप्प बसायची खूण केली. मी तिकडे बघितलंच नाही.

व्याह्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. म्हणाले, "ताई, खोली हाय की. पर तुमी घरी येनार कशा?"

"पायांनी," मी म्हटलं.

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्याकडे, घाटावर, मुलीचे आईबाप मुलीच्या सासरचं पाणी पीत नाहीत. तिला मूल होईपर्यंत तिच्या घरचा घोटही घ्यायचा नाही. बोलणी झाली म्हणजे ते घर मुलीचंच झालं. आता व्याहीविहीण घरी आले आणि चहापाण्याशिवाय कोरड्या तोंडानं परत गेले, तर चाळीत काय दिसेल? म्हणून त्यांच्या आईनं बजावलं होतं, पाहुण्यांना घरी आणून अवघडवू नको, बाहेरच फिरव, बाहेरच खाऊ घाल. मागच्या वेळी तसंच केलं होतं. राणीबागेत बाटली पुढे केली नाही, कारण बाटलीत पाणी घरचं होतं. आम्हाला तहान लागलेली त्यांनी बघितली होती, आणि त्यांनाच चोरट्यासारखं झालं होतं.

आमच्याकडे अशी काही पद्धत नाही. आमची माणसं लेकीकडे जातात, पोटभर जेवतात, वर डबा बांधून आणतात. मालकांना हे पहिल्या खेपेलाच विचारता आलं असतं. पण ते सिंह बघत होते.

माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. तो उतरल्याबरोबर राग आला.

"दीक्षा घेतली ना तुमी?"

"घेतली की."

"मग ही रीत कशी सांभाळून ठेवलीत? पान्यापायी आपल्या मानसांनी काय काय सोसलं, आन आता आपनच आपल्या मानसांना पानी द्यायचं नाय?"

मी हात पुढे केला. "द्या ती बाटली."

पाणी उन्हानं कोमट झालं होतं. मी निम्मी बाटली प्यायले आणि मालकांकडे दिली. उरलेली त्यांनी संपवली. व्याह्यांनी रिकामी बाटली घेतली, बूच लावायला गेले आणि हसायला लागले. हसता हसता डोळे पुसले. म्हणाले, चला ताई, पर म्हातारीला तुमीच सांगा.

वरळीला चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर खोली. पुढे लांब गॅलरी, टोकाला नळ आणि संडास, संडास धुतलेले. ते मी आधी बघितलं. मग आत गेले. विहीण गडबडली, पदर सावरत उठली. म्हातारी आजी भिंतीला टेकून बसली होती. मी नमस्कार केला, गोधडी काढली आणि जमिनीवर अंथरली. मग उचलून शेजारी अंथरली. मग आणखी शेजारी.

आजी म्हणाली, "काय करतीस गं?"

"मोजते."

"मोज. कपाटाच्या कडंची जागा धरू नगंस, तिथं मी निजते."

चार गोधड्या बसल्या. मुलगा आणि व्याही गॅलरीत निजत. बोलणी झाल्यापासून आत पोटमाळा घालायचं काम चाललं होतं, नव्या फळ्यांचा वास येत होता. शिडी लावलेली होती, मी चढून फळ्या हातानं दाबून बघितल्या. मजबूत होत्या. मोरीत तांब्याभर पाणी ओतलं, ते सरळ निघून गेलं, तुंबलं नाही. मोठी जागा नव्हती. पण ती त्यांची होती, हे शेजारणी येऊन जाऊन जसं बोलत होत्या त्यावरून कळलं. पंचवीस वर्षांपासूनच्या शेजारणी भाड्यानं आणता येत नाहीत.

मग मी आजीसमोर बसले आणि पाणी मागितलं. विहीण सासूकडे बघत राहिली. आजीनं स्वतः उठून माठातून तांब्या भरला आणि माझ्यापुढे धरला. मी प्यायले, अर्धा तांब्या. ती माझा घसा हलताना बघत होती.

मग तिनं सांगितलं. तिला पहिलं मूल चार वर्षांनी झालं. तिची आई चार वर्षं तिच्या दारी यायची, कोस कोस चालून, आणि पायरीवरूनच परत जायची. "तहानलेली जायची. मला दिसायचं. देता येत न्हवतं." मग मला म्हणाली, "तुला कसं जमलं गं?"

"तहान लागली होती," मी म्हटलं.

म्हातारीनं माझ्या हातातून तांब्या घेतला. मग सुनेला म्हणाली, "च्या ठेव. आन भाकरी टाक, ह्यास्नी गाडीआधी जेवून जाऊ दे."

आम्ही जेवलो. गोधडी तिथंच ठेवली. ती शेवटपर्यंत आजीच्या अंगावर होती, असं लेक सांगते.

रात्री घरी पोहोचलो तेव्हा लेक जागीच होती. आईबापांसमोर काय विचारावं ते तिला कळेना. शेवटी म्हणाली, गेटवे केवढा होता गं आई? मला खरंच आठवेना. मी तिला सांगितलं, मोरीचं पाणी नीट जातं, आणि झोपले. त्या रात्री किती दिवसांनी मला गाढ झोप लागली.