मारुतीला पडलेली सवय

मी पोशीरला माहेरी गेले होते. भात कापून झालं होतं, भावाच्या खळ्यावर भारे रचायचं काम चाललं होतं, आणि दुपारच्या चहाच्या वेळी हे दारात उभे राहिले. सायकल भिंतीला टेकवली, पाणीसुद्धा मागितलं नाही. "आक्का गेली गं," एवढंच म्हणाले. आक्का म्हणजे यांची थोरली बहीण शारदा, माझ्या वन्सं. सकाळी अंगणात तांदूळ निवडता निवडता बसल्या जागी मान कलली... असं मरण मागून मिळत नाही, असं सगळे म्हणाले. मलाही ते पटतं. तरी त्या दिवशी मी यांच्यावरच चिडले, की या वयात एवढ्या लांब सायकल दामटत कशाला आलात. चिडायला समोर दुसरं कोणी नव्हतं.

वन्सं आणि सायकल हे माझ्या मनात वेगळं होतच नाही. मी पळसदरीला सून म्हणून आले तेव्हा त्या घरातच होत्या. लग्न करायचं नाही हे त्यांचं पक्कं, आणि शाळामास्तरीण व्हायचं हे त्याहून पक्कं. त्याच उन्हाळ्यात त्यांच्या नेमणुकीचा कागद आला. शाळा खालापूरच्या अंगाला, मधे सगळं रान, एस्टीचं नाव नाही. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, कागद ऐकून घेतला आणि म्हणाले, "दोन टायमाला रान तुडवीत जायचं नाय. सायकलीवर बसून जाशील तर जा. नायतर घरी ऱ्हा." बाईमाणूस सायकलवर बसणार नाही, म्हणजे प्रश्न मिटला, असा त्यांचा हिशेब. वन्संनी नुसती मान डोलावली. शाळा उघडायला दीड महिना होता.

गावात शिकायची सोय नव्हती, कारण दारादारांत बघे. म्हणून आम्ही धरणावर गेलो. गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत, रेल्वेच्या इंजिनांसाठी अडवलेलं ते पाणी. बांधावरून निघून पाण्याच्या कडेकडेनं एक पायवाट सगळं तळं फिरून पुन्हा बांधावर येते. हे कर्जतहून कामावरून आले की सायकल आमची. दांड्याची पुरुषी सायकल, पण वन्सं नऊवारी नेसायच्या, कासोटा घट्ट मारला की दांडा आडवा येण्याचं कारण नव्हतं. माझ्या पाचवारीचीच पंचाईत. मी मागून कॅरियर धरून धावायची.

बांधाच्या टोकाला गुडघ्याएवढा एक दगड होता. त्यावर पाय ठेवून वन्संना चढता यायचं आणि त्यावरच पाय टेकून उतरता यायचं. मधे कुठेही उतरायचं म्हटलं तर पडूनच. त्यामुळे एकदा दगडावरून सुटल्या की अख्खं तळं फिरूनच परत. पहिल्या वळणापर्यंत मी धावत जाई आणि मग दगडावर येऊन वाट बघत बसे. त्या करवंदीच्या जाळ्यांमागे दिसेनाशा होत. बऱ्याच वेळानं पलीकडच्या काठावर हिरवं लुगडं हलताना दिसे, आणि पाण्यावरून हाक येई, "सुमन, दिसते का गं मी?" मी ओरडे, "दिसता, वन्सं!" घाटात इंजिनाची धाप चाललेली असे, पाण्यावर डोंगर उलटा पडलेला असे. करवंदं पिकली होती, पण उतरायची सोय नाही, म्हणून त्यांच्यासमोरून तशाच कोरड्या तोंडानं पुढे जात आणि दगडावर आल्या की मला पिटाळत, "पल्याडच्या जाळीला काळीभोर हायत, जा घेऊन ये." इतकं सुख मी माहेरीही पाहिलं नव्हतं.

फेरी नेहमी पाणी उजव्या हाताला धरून. देवाला घालतात तशी, असं वन्संचंच म्हणणं. यातच घोळ झाला. शाळेला चार दिवस उरले तेव्हा आम्ही सायकल गावात आणली आणि पहिल्याच डाव्या वळणाला वन्सं सरळ उकिरड्यात! इतके दिवस हात फक्त उजवीकडे वळायला शिकले होते. डावीकडे म्हटलं की हँडल दगडासारखं व्हायचं. उरलेले दिवस पुन्हा पुन्हा करून बघितलं, पुन्हा पुन्हा उकिरडा. आणि शाळेच्या वाटेवर तिठ्याला नेमकं डावीकडे वळायचं.

पहिल्या दिवशी मामंजी मला घेऊन आधीच तिठ्यावर जाऊन बसले. पोर पडली की हाताला धरून घरी आणायची, एवढीच त्यांची तयारी. वन्सं आल्या. डावीकडे न वळता त्या सरळ पुढे गेल्या. तिठ्याच्या जरा पुढे, उजव्या हाताला, मारुतीची घुमटी आहे. उजवीकडे, पुन्हा उजवीकडे, पुन्हा उजवीकडे... अख्ख्या घुमटीला वळसा घालून वन्सं डावीकडच्या रस्त्याला लागल्या आणि मागे न बघता निघून गेल्या. मामंजींनी टोपी काढली. "बघ, देवाला फेरी घालून गेली. आता नाय अडवायचा मी." मी पदराचा बोळा तोंडात कोंबून उभी.

मग निवृत्त होईपर्यंत रोज सकाळी तीच तऱ्हा. केवढ्या भाविक आहेत बाई, असं लोक म्हणत. घरात मात्र त्यांनी कधी निरांजन लावलेलं मी पाहिलं नाही! पोशीरला निघायच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांना विचारलं, "वन्सं, खरं सांगा, डावीकडे वळायला कधी जमलंच नाही?"

"दुसऱ्या वर्षीच जमलं की गं," त्या म्हणाल्या. "पन तोवर मारुतीला सवय झालती."

परवा त्यांच्या शाळेत शोकसभा होती. मला न्यायला टेंपो आला. चालवणारा त्यांचाच जुना विद्यार्थी, आता दोन पोरांचा बाप. तिठ्यावर तो डावीकडे वळला नाही. सरळ पुढे गेला आणि घुमटी उजव्या हाताला धरून सावकाश टेंपो फिरवायला लागला. मी विचारलं, "हे कशाला रे?"

"आमच्या गावात समदे असंच जातात, काकू. बाईंची शिस्त हाय. माजी पोरं पन सायकलीवरनं अशीच जातात."

खरं काय ते ओठांवर आलं होतं. पदर तोंडाशी धरला, आणि हसता हसताच रडू फुटलं. टेंपो डावीकडच्या रस्त्याला लागत होता.

"बाबा," मी म्हटलं, "अजून एक फेरी मार."